शस्त्रक्रियेचे देयक

वसंत ऋतूतल्या ज्ञानसत्रात काव्य, इतिहास, राजकारण अशा विषयांची रेलचेल असते. त्या पंगतीत शस्त्रक्रियेच्या देयकासारखा रुक्ष विषय आणून बसवणे म्हणजे मेजवानीत हिशेबाची वही उघडण्यासारखे आहे, असे कोणाला वाटले तर आम्ही त्याला दोष देणार नाही. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाला एक प्रश्न पुष्कळ वेळा पडतो आणि त्याचे उत्तर याच वहीत दडलेले आहे. प्रश्न असा : शासनाची योजना आहे, तिच्यात शस्त्रक्रियेला रोग्याचा पैसा लागत नाही, तालुक्याच्या गावी शस्त्रक्रिया करणारा डॉक्टरही आहे, मग रोग्याला ‘नागपूरला घेऊन जा’ असे का सांगण्यात येते? याची दोन उत्तरे चौकाचौकात मिळतात. एक, डॉक्टर लोभी आहेत. दुसरे, सरकार बेपर्वा आहे. दोन्हींत काही तथ्य असेलही. पण तिसरे एक कारण आहे, त्यात कोणाचा लोभही नाही आणि बेपर्वाईही नाही. ते कारण म्हणजे रोगाला आणि शस्त्रक्रियेला दिलेला आकडा, आणि त्या आकड्यामागून येणारी रक्कम. आज त्याचाच विचार करावयाचा आहे.

आधी शहरातलाच एक साधा हर्निया घेऊ. चंद्रपुरात तो ज्याला होतो तो माणूस कोण आहे, यावर त्याच्या देयकाचे रूप ठरते. तो वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणीत कामाला असेल तर कंपनीच्या वैद्यकीय नियमांप्रमाणे देयक तयार होईल. कारखान्यातला राज्य विमा योजनेचा कामगार असेल तर त्या महामंडळाच्या नमुन्यात. केंद्र सरकारचा निवृत्त नोकर असेल तर केंद्रीय आरोग्य योजनेच्या दरपत्रकाने. व्यापारी असेल आणि त्याने खाजगी विमा उतरवला असेल, तर विमा कंपनीच्या मध्यस्थ कचेरीशी लिखापढी होईल आणि तेथे पहिला प्रश्न हा विचारला जाईल की, पॉलिसी किती वर्षांची आहे. कारण हर्निया, मूळव्याध, पित्ताशयातले खडे, हायड्रोसील अशा दुखण्यांना बहुतेक पॉलिसींत आरंभीचा काही काळ पैसे मिळत नाहीत. यांपैकी काहीच नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. आणि तीही नको असेल तर खिशातले रोख. सूरी तीच, टाके तेच, डॉक्टर तोच. देयके मात्र पाच-सहा प्रकारची. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात प्रत्येक प्रकाराला वेगळी खिडकी आणि वेगळा कारकून असतो. वीस खाटांच्या इस्पितळात या सर्व खिडक्या एकाच टेबलावर असतात, आणि त्या टेबलामागे बसलेला बारावी पास मुलगा सकाळी औषधांचा हिशेबही ठेवीत असतो.

आता आकड्यांकडे वळू. देयकात दोन तऱ्हेचे आकडे असतात आणि त्यांची गल्लत फार होते. एक आकडा रोग काय आहे ते सांगतो. दुसरा डॉक्टराने काय केले ते सांगतो. पहिल्याचा इतिहास मनोरंजक आहे. एकोणिसाव्या शतकात विल्यम फार या इंग्रज गृहस्थाने मृत्यूंच्या कारणांची शिस्तवार यादी करण्याचा ध्यास घेतला, कारण एकाच दुखण्याला गावोगाव निरनिराळी नावे असली तर माणसे कशाने मरतात हे राज्याला कळणारच नाही. पुढे पॅरिस शहराच्या सांख्यिकी खात्याचे प्रमुख झाक बेर्तियाँ यांनी १८९३ साली शिकागो येथे आंतरराष्ट्रीय यादी मांडली. (गुन्हेगारांच्या अंगाची मापे घेऊन त्यांना ओळखण्याची पद्धत काढणारा आल्फाँस बेर्तियाँ हा यांचाच भाऊ. एका भावाने चोरांना आकडे दिले, दुसऱ्याने मरणाला!) १९४८ साली ही यादी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली, आणि तेव्हापासून तिच्यात मृत्यूच्या कारणांबरोबर जिवंत माणसाची दुखणीही रीतसर दाखल झाली. तिची दहावी आवृत्ती १९९० साली संमत झाली, अकरावी २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाली. आपल्याकडच्या कागदांवर अद्याप दहावीचेच आकडे पुष्कळ दिसतात.

ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, ही यादी मोजण्यासाठी जन्मली, पैसे देण्यासाठी नव्हे. दुसऱ्या जातीचे आकडे, म्हणजे डॉक्टराने केलेल्या कामाचे, अमेरिकेतल्या वैद्यक संघटनेने १९६६ साली पुस्तकरूपाने काढले. आणि १९८३ साली तेथल्या सरकारने वृद्धांच्या आरोग्य विम्यात एक नवीच पद्धत सुरू केली : येल विद्यापीठातले फेटर आणि थॉम्सन यांनी रोग्यांचे जे गट पाडले होते, त्या गटाप्रमाणे इस्पितळाला ठराविक रक्कम द्यावयाची, मग प्रत्यक्ष खर्च कमी होवो की जास्त. मोजणारा आकडा त्या दिवशी पैसे देणारा आकडा झाला. आणि पैसे देऊ लागलेला आकडा लिहिताना लेखणी थोडी झुकू लागते, हेही तेथे लौकरच दिसून आले. आपल्याकडे जे ‘पॅकेज’ म्हणून ओळखले जाते, ते याच कुळातले आहे.

गडचिरोलीचा या प्रकाराशी संबंध जुना आहे. महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी सुरू झाली ती पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत, आणि त्या आठांत मुंबईच्या जोडीला गडचिरोली होता. चंद्रपूरसह उरलेले जिल्हे २०१३ च्या नोव्हेंबरात आले. ९७१ उपचार, कुटुंबाला वर्षाकाठी दीड लाखाचे संरक्षण. २०१७ साली योजनेला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले, २०२० पासून तिची केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी सांगड घातली गेली, आणि २०२३ च्या निर्णयाने संरक्षण पाच लाखांवर, उपचार १,३५६ वर गेले. पिवळे-केशरी हा रेशनकार्डाचा भेदही त्यात मिटला. यादी त्यानंतरही वाढतच आहे. योजना थोर आहे याविषयी आमच्या मनात संदेह नाही. ज्या घरात मुलीच्या ऑपरेशनासाठी बैलजोडी विकली जात असे, त्या घराला तिचे मोल विचारावे. म्हणूनच तिच्यातली खोच कोठे आहे हे समजून घेणे अगत्याचे आहे.

हर्नियाचेच उदाहरण पुढे चालवू. जांघेतल्या हर्नियाचा रोग-आकडा ‘के ४०’. पण त्यापुढे एक टिंब आणि टिंबापुढे आणखी एक अंक असतो. एकाच बाजूचा, आतडे न अडकलेला साधा हर्निया असेल तर टिंबानंतर नऊ. एका बाजूचा, पण आतडे अडकलेले, तर तीन. अडकलेले आतडे सडून काळे पडले असेल तर चार. साध्या हर्नियाचा रोगी दोन-तीन दिवसांत घरी जातो. काळे पडलेले आतडे कापून जोडावे लागते, रोगी आठ-दहा दिवस पडून राहतो, कधी रक्त द्यावे लागते, आणि तो वाचेलच असे कोणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. नऊ आणि चार यांच्यामध्ये एवढे अंतर आहे, आणि कागदावर ते एका अंकाचे आहे. भामरागड तालुक्यातल्या आतल्या गावचा माणूस पोट फुगलेले असताना दोन दिवस पुजाऱ्याची वाट पाहतो, मग खाटेवरून डांबरी रस्त्यापर्यंत आणला जातो, मग वाहन मिळते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे आपण वाचत आलो आहोत. म्हणजे जो रोगी शहरात नऊ अंकाचा असतो, तोच जंगलातून येईपर्यंत चार अंकाचा झालेला असतो. कारकून मात्र ‘के ४०’ एवढेच लिहितो आणि टिंबापुढची जागा सोडून देतो, किंवा सवयीने नऊ घालतो. मग दावा तपासणारा विचारतो : साध्या हर्नियाला आतडे का कापले? प्रश्न रास्त आहे. उत्तर डॉक्टराच्या डोक्यात आहे, कागदावर नाही.

यावर कोणी म्हणेल, कारकुनाला शिकवा म्हणजे झाले. ते खरेच, पण सर्वच अडचणी कारकुनाच्या नाहीत. योजनेत ठरवून करावयाच्या शस्त्रक्रियेला पूर्वमंजुरी लागते. पूर्वमंजुरी मागताना कोणते पॅकेज, ते सांगावे लागते. आता ज्याचे पोट लाकडासारखे कडक झाले आहे, ताप आहे, नाडी धावते आहे, अशा रोग्याच्या पोटात नक्की काय आहे हे पोट उघडल्याशिवाय शंभर टक्के कळत नाही. अपेंडिक्स फुटले असेल, विषमज्वराने आतड्याला भोक पडले असेल, क्षयाने आतडे आवळले असेल, झाडावरून पडून आत मार बसला असेल. तातडीच्या प्रसंगी फोनवरून कळवून शस्त्रक्रिया करण्याची सोय योजनेत आहे, आणि ती चांगली आहे. पण मंजुरी एका नावाने घेतली आणि पोटात दुसरेच निघाले, तर नंतर सगळे कागद त्या दुसऱ्या नावाशी जुळवून आणावे लागतात : शस्त्रक्रियेची टिपणे, तपासण्या, काढलेल्या भागाचा विकृतिशास्त्राचा अहवाल. हा शेवटचा अहवाल देणारी प्रयोगशाळा अहेरीला किंवा एटापल्लीला नसते. काढलेला तुकडा बाटलीत घालून एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हवाली करण्याचे दिवस आता सरले असतील, पण बाटलीला अजून प्रवास करावाच लागतो, आणि तो अहवाल परत येईतो दावा थांबून राहतो.

या भागातली आणखी एक गोष्ट शहरात बनलेल्या यादीत नीट बसत नाही. ती म्हणजे सिकलसेल. विदर्भाच्या पूर्व भागात हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ घरांत आहे, आणि २०२३ च्या जुलैत त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. शल्यचिकित्सेशी त्याचा संबंध दुहेरी आहे. एक तर सिकलसेलची कळ पोटात उठली की ती हुबेहूब अपेंडिक्ससारखी भासू शकते; घाईने पोट उघडले तर आत काहीच नसते, आणि ‘ही सिकलचीच कळ’ म्हणून सोडून दिले तर क्वचित अपेंडिक्स खरेच फुटलेले असते. दुसरे, या रोग्यांच्या रक्तपेशी लौकर नाश पावत असल्याने त्यांना पित्ताशयात खडे होण्याचे प्रमाण मोठे, तेही कोवळ्या वयात. असे पित्ताशय काढायचे तर आधी शिरेतून पाणी भरावे लागते, कधी रक्त द्यावे लागते, भूल देताना प्राणवायू आणि अंगाची ऊब जपावी लागते, नंतर छातीत गुंतागुंत होत नाही ना हे पाहत रोग्याला अधिक दिवस ठेवावे लागते. रोग-आकड्यांच्या यादीत सिकलसेलला ‘डी ५७’ हे स्थान आहे. परंतु पित्ताशयाच्या पॅकेजला रोगी सिकलचा आहे की नाही हे ठाऊक नसते. नागपूरच्या किराणा दुकानदाराचे पित्ताशय आणि कोरचीच्या सोळा वर्षांच्या सिकलग्रस्त मुलीचे पित्ताशय, एकच आकडा, एकच रक्कम.

येथे ज्या मुद्द्यासाठी आम्ही हा सारा प्रपंच मांडला तो येतो. पॅकेजची रक्कम ही सरासरी असते. सरासरीत अन्याय नसतो, परंतु एक अट असते : रोग्यांची संख्या मोठी पाहिजे. आकडे कल्पून हिशेब करू. समजा, एका शस्त्रक्रियेचे पॅकेज २०,००० रुपयांचे आहे. सरळ रोग्याला इस्पितळाचा खर्च १७,००० येतो आणि गुंतागुंतीच्या रोग्याला ४५,०००. शहरातल्या इस्पितळात वर्षाला असे २०० रोगी येतात, त्यांतले १० गुंतागुंतीचे. खर्च ३६ लाख ८० हजार, मिळकत ४० लाख. इस्पितळ सुखाने चालते. आता जंगलाकडच्या इस्पितळात वर्षाला ८ रोगी येतात असे धरू. आठही सरळ निघाले तर २४,००० शिल्लक राहतात. पण दोन जरी गुंतागुंतीचे निघाले तर खर्च १ लाख ९२ हजार, मिळकत १ लाख ६० हजार, म्हणजे ३२,००० ची खोट. आणि वर सांगितल्याप्रमाणे उशिरा पोचणे आणि सिकलसेल ही दोन कारणे अशी आहेत की, आठांत दोन निघणे ही येथे अनहोनी गोष्ट नाही. मोठे इस्पितळ दहा तोट्यांना एकशे नव्वद फायद्यांत बुडवून टाकते. लहान इस्पितळाला दोन तोटे बुडवतात. मग डॉक्टर काय करील? तो वाईट माणूस नसेल, तरी रोग्याच्या पोटावर हात ठेवून क्षणभर विचार करील आणि म्हणेल, ‘नागपूरला न्या.’ ज्या रोग्याला दूर नेणे सर्वांत धोक्याचे, त्यालाच दूर पाठवण्याचा मोह ही पद्धत निर्माण करते. यात मनुष्यस्वभावाचा दोष किती आणि हिशेबाचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्या मते हिशेबाचा अधिक आहे.

पैसा उशिरा मिळतो ही तक्रार राज्यभर आहे, पण तिचा चटकाही सर्वांना सारखा बसत नाही. दोरा, जाळी, भुलेची औषधे रोखीने घ्यावी लागतात. भूलतज्ज्ञ चंद्रपुराहून ऐंशी किलोमीटर गडचिरोलीला आला तर त्याचे मानधन त्याच दिवशी द्यावे लागते. दावा शंका काढून परत आला की महिना जातो, दुसऱ्यांदा आला की डॉक्टर तो नाद सोडतो. असे सोडून दिलेले पैसे कोणत्याच तक्त्यात दिसत नाहीत.

केंद्राच्या नियमकर्त्यांना हे अगदीच उमगले नाही असे म्हणता येणार नाही. आयुष्मान भारतच्या नियमांत मागास म्हणून निवडलेल्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांतल्या इस्पितळांना पॅकेजवर दहा टक्के अधिक देण्याची तरतूद आहे, आणि महाराष्ट्रातल्या अशा चार जिल्ह्यांत गडचिरोली आहे. चंद्रपूर नाही. १९८२ च्या ऑगस्टपर्यंत हे दोन्ही एकच जिल्हा होते. मग वैनगंगा बव्हंशी सीमा ठरली. नदीच्या पूर्वेकडचे जंगल आकांक्षित ठरते, पश्चिमेकडचे ठरत नाही. जिवती-कोरपन्याच्या डोंगरातल्या कोलामांचे गाव चंद्रपूर जिल्ह्यात असल्याने, खाणी आणि वीजकेंद्र असलेल्या शहराच्या सरासरीत झाकून जाते. येथेही पुन्हा सरासरीच!

आणि सिरोंच्याची तऱ्हा तर सर्वांहून न्यारी. जिल्ह्याचे गाव सुमारे दोनशे किलोमीटरांवर, आणि गोदावरी ओलांडली की तेलंगण. तेथल्या लोकांचे सोयरसंबंध पलीकडे, भाषा तेलुगूमिश्रित, बाजारहाट पलीकडे. पोट दुखले की पाय पलीकडेच वळणार. पलीकडे २००७ पासून आरोग्यश्री योजना आहे, तीच आपल्या जीवनदायीचा नमुना. परंतु ती त्या राज्याच्या रहिवाशांसाठी. तेलंगण राज्य केंद्राच्या आयुष्मान भारतात आले ते २०२१ साली. आयुष्मानचे कार्ड राज्याबाहेर चालते. केवळ राज्याच्या योजनेचा हक्क असलेल्याचा हक्क नदीच्या अलीकडच्या काठावर थांबतो. एकाच गल्लीतल्या दोन घरांपैकी एकाला नदीपलीकडे पैसे पडत नाहीत आणि दुसऱ्याला पडतात, हे त्या माणसांना कसे समजावणार?

मोहफुलांचा हंगाम आला की आणखी एक तऱ्हेचा रोगी येतो. पहाटे फुले वेचायला गेलेल्या माणसावर अस्वल झडप घालते, आणि अस्वलाचा रोख बहुधा तोंडावर आणि डोक्यावर असतो. गाल फाटलेला, नाकाचे हाड मोडलेले, डोळा गेलेला, डोक्याची कातडी सुटलेली. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमट्यांनी असे कितीतरी चेहरे हाताशी असेल त्या साधनांनी शिवले. १९७३ साली प्रकल्प सुरू झाला तेव्हा तेथे देयक नावाची वस्तूच नव्हती. आज अशा रोग्याचे देयक करायला बसा. जखमांचे शिवण एका आकड्यात, हाडाचे काम दुसऱ्या विभागात, डोळ्याचे तिसऱ्यात, पुढे त्वचारोपण चौथ्यात. एकाच बैठकीत अनेक शस्त्रक्रिया केल्या तर केंद्राच्या नियमाप्रमाणे सर्वांत मोठीचे पूर्ण पैसे, दुसरीचे निम्मे, तिसरीचे चौथाई. हा नियम पोटाच्या दोन जोडशस्त्रक्रियांना शोभतो, कारण पोट एकदाच उघडावे लागते. चार तास चेहरा जुळवीत बसलेल्या माणसाच्या श्रमाला तो शोभत नाही. जे कोठेच बसत नाही त्यासाठी ‘अनिर्दिष्ट शस्त्रक्रिया’ असा एक कप्पा आहे. पण त्यात शिरायला कारणे लिहून मंजुरी मिळवावी लागते, आणि लहान ठिकाणी त्या कप्प्याची वाट फारशी कोणाला ठाऊक नसते. शिवाय वन विभागाची भरपाई वेगळीच. तेथे जखम किरकोळ की गंभीर, अपंगत्व कायमचे की नाही, हे डॉक्टराच्या दाखल्यावर ठरते. त्या दाखल्यातला एक शब्द आणि योजनेच्या कागदातला दुसरा शब्द जुळला नाही, तर दोन्हीकडून माणूस अडकतो.

इतके कागद मागतात तरी कशाला, असा त्रागा डॉक्टर मंडळी करतात. त्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०२३ साली नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी आयुष्मान भारतची तपासणी केली तेव्हा सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच फोन क्रमांकाशी जोडलेले आढळले, आणि तो क्रमांक म्हणजे नुसते दहा नऊ! आधीच्या खेपेस मृत म्हणून नोंदलेल्या माणसांवर पुढे उपचार झाल्याचे दावेही निघाले. अशा परिस्थितीत तपासणाऱ्याने छायाचित्र मागितले, टाक्यांचा फोटो मागितला, तर तो वेडा नव्हे. दुर्दैव एवढेच की लबाडासाठी घातलेले कुंपण प्रथम गरिबाच्या पायात येते. लबाडाचे कागद नेहमी नीट असतात.

गरिबाचे कागद कसे असतात ते गडचिरोलीत पाहावे. आडनाव मडावी, रेशनकार्डावर एक ऱ्हस्व-दीर्घ, आधारकार्डावर दुसरा, आणि इंग्रजी लिपीत उतरवताना कोणी ‘व्ही’ घातला, कोणी ‘डब्ल्यू’. एका गावात त्याच नावाचे तिघे. जन्मतारीख सर्वांची १ जानेवारी, कारण विचारणाऱ्याला वर्ष अंदाजाने सुचले आणि दिवस सुचला नाही. रोगी माडिया बोलतो, आरोग्यमित्र मराठी, संगणक इंग्रजी. ‘दुखणे किती दिवसांचे?’ या प्रश्नाचे उत्तर ‘तेंदूपाने तोडत होतो तेव्हापासून’ असे येते. ते अगदी अचूक उत्तर आहे, पण तारखेच्या चौकटीत मावत नाही.

यावर दुसरा मार्गही या भूमीत चोखाळला गेला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या शोधग्रामातल्या माँ दंतेश्वरी रुग्णालयात बाहेरगावचे शल्यविशारद येऊन शस्त्रक्रियांची शिबिरे करतात. हत्तीपायाच्या जंतूंमुळे होणारे हायड्रोसील, वर्षानुवर्षे वागवलेले हर्निया यांना अशी शिबिरे हे वरदानच. पण दान आणि सेवा यांवर दोन जिल्ह्यांची शल्यचिकित्सा कायमची चालावी अशी अपेक्षा करणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही. अहेरीत किंवा राजुऱ्यात एखादा तरुण सर्जन दवाखाना थाटून राहावयाचा असेल, तर त्याचा हिशेब जुळलाच पाहिजे. त्यासाठी फार मोठी क्रांती नको. पॅकेजला टिंबापुढचा अंक कळला पाहिजे. सिकलसेलच्या रोग्याला वेगळी भर हवी. अधिकची टक्केवारी जिल्ह्याला न देता तालुक्याला द्यावी, म्हणजे जिवतीवर अन्याय होणार नाही. आणि पाच-सात लहान इस्पितळांनी मिळून एक शिकलेला संकेतक ठेवावा, ज्याला शस्त्रक्रियेची टिपणे वाचता येतात. या शेवटच्या गोष्टीला सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. चंद्रपूरला २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टरांबरोबर असे चार-सहा संकेतक तेथे दरसाल शिकून निघाले तर त्यांना कामाची वाण पडणार नाही.

तोवर आपल्या हाती काय आहे? घरचे माणूस शस्त्रक्रियेसाठी दाखल झाले, तर निघताना हाती पडणारे कार्ड बाहेरच्या बाकावर बसून नीट वाचावे. नाव आधारकार्डाप्रमाणे आहे का. रोग पूर्ण लिहिला आहे का, की नुसते ‘पोटदुखी’. उजवी बाजू की डावी. कोणती शस्त्रक्रिया, कोणत्या तारखेला, कोणी केली. रक्त दिले असल्यास किती पिशव्या. सिकलसेल असल्यास त्याचा उल्लेख. चूक असेल तर त्याच दिवशी सुधारून घ्यावी, नंतर ती सुधारायला अर्ज लागतो. घरी गेल्यावर दहा दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधे राज्याच्या योजनेत त्याच पॅकेजात धरलेली असतात, तेव्हा टाके काढायला वेगळे पैसे देऊ नयेत. आणि भामरागड-सिरोंच्याकडे परतणाऱ्याने एक गोष्ट खिडकीवर अवश्य विचारावी : इस्पितळातून घरापर्यंतचे एकदाचे एस.टी.चे भाडे नियमाप्रमाणे पॅकेजमध्ये आहे, ते मिळाले का?